दारात अडकलेली मावशी

जमैकातल्या ओचो रिओसच्या धक्क्यावर कोणी ‘रॅन्सफर्ड’ अशी हाक मारली असती, तर रॅन्सफर्ड पिनॉकनं मागे वळूनही पाहिलं नसतं. तिथं तो कॅप्टन पेपरमिंट होता. खरं तर कॅप्टन तो नव्हेच. बोट चालवायचा घुम्या डेझमंड. रॅन्सफर्डचं काम तोंडाचं. बंदरात मोठं जहाज लागलं की त्यातून उतरलेल्या पाहुण्यांना बोटीत भरायचं, धबधब्यापर्यंत न्यायचं, परत आणायचं, आणि जाता-येता इतकं हसवायचं की रम पंचमध्ये रम कमी आहे हे कोणाच्या ध्यानातही येऊ नये. बावीस वर्षं तो हे करत होता आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याचा हुकमी किस्सा होता मावशीचा. गिल्बर्ट वादळानं आमच्या वस्तीतली छपरं नेली, बकऱ्या नेल्या, पाळकसाहेबांची पँटसुद्धा नेली, असं तो बोटांवर मोजत जाई. “पण आमच्या घरात शिरायची त्याची टाप नव्हती. का? तर माझी मावशी दारात अडकली होती. ही एवढी रुंद. वादळ म्हणतंय, बाई, जरा बाजूला हो. मावशी म्हणतेय, आधी पाय पूस.” मग तो पोट फुगवून बोटीच्या अरुंद जिन्यात अडकल्याचं सोंग करी आणि दोन धडधाकट पाहुण्यांना स्वतःला ओढून काढायला लावी. पेले आपटत लोक हसत. काहीजण पुढल्या वर्षी येऊन तोच किस्सा पुन्हा मागत.

मावशी रुंद मुळीच नव्हती. इसिल्डा मावशी म्हणजे काडी. शाळेत स्वयंपाकीण होती. रॅन्सफर्ड तीन वर्षांचा असताना त्याची आई इंग्लंडला गेली आणि तिकडचीच झाली. तेव्हापासून त्याला वाढवलं ते हिनं, स्वतःच्या लेकीच्या, जोसीलिनच्या बरोबरीनं. वादळाच्या दिवशी जोसीलिन आजोळी होती. भर दुपारी दाराची कडी तुटली, तेव्हा मावशीनं सात वर्षांच्या रॅन्सफर्डला पलंगाखाली ढकललं आणि दाराला पाठ लावून ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली. त्या दिवसापासून तिचा उजवा खांदा निकामी झाला. केस विंचरायलाही तिला दुसऱ्याचा हात लागे. हे सगळं रॅन्सफर्डला ठाऊक होतं. पण खरी गोष्ट बोटीवर सांगावी असं त्याच्या कधी मनातही आलं नाही, कारण तिच्यात हसण्याजोगं काही नव्हतं.

बरं, एवढ्यावर थांबावं ना? रविवारी पाव घेऊन डोंगरावर तिच्याकडे गेला की हा म्हणायचा, “मावशी, परदेशी माणसांपुढं मी रोज तुझंच गुणगान करतो बघ.” मावशी ते चर्चच्या बायकांना सांगायची. बायका म्हणायच्या, इसिल्डा, तू आता जगप्रसिद्ध झालीस. मावशी “चला, काहीतरीच” म्हणायची आणि दिवसभर गालात हसत राहायची.

मावशीला अठ्ठ्याहत्तरावं लागलं तेव्हा जोसीलिन टोरोंटोहून आली. आईला भेट काय हवी म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाली, “रॅन्सफर्डच्या बोटीत बसायचंय. माझ्याबद्दल काय सांगतो ते एकदा कानांनी ऐकायचंय.”

त्या सकाळी रॅन्सफर्डला पहिल्या रांगेत मावशीची चर्चला घालायची पांढरी टोपी दिसली. ती मांडीवर पिशवी घेऊन, चढणाऱ्या एकेकाला “गुड मॉर्निंग” म्हणत बसली होती. उघड्या खांद्यांची, लाल पडलेली ती माणसं गोंधळून तिला उलट “गुड मॉर्निंग” म्हणत होती. रॅन्सफर्डनं मनाशी ठरवलं, आज मावशीचा किस्सा नाही. जाताना त्यानं मुंगसाचा सांगितला, सासूचा सांगितला, बोट हसली. मावशीही हसली आणि वाट बघत राहिली.

परतताना मागून एक टक्कल पडलेला पाहुणा ओरडला, “ती दारात अडकलेली बाई कुठंय? बायकोला मुद्दाम त्यासाठी आणलंय मी.” झालं. सगळे पेले आपटू लागले. डेझमंडनं मान वळवून बघितलं. रॅन्सफर्डला घसा बसल्याचं सांगता आलं असतं, गाणं लावता आलं असतं, पाण्यात उडी टाकली असती तरी चाललं असतं. त्यानं काय केलं, तर नाव बदललं. मावशीऐवजी शेजारची मिस पूटस. नाव बदललं की पाप फिटलं, अशी त्याची समजूत.

पहिला हशा पिकला आणि हा भानावरून गेला. पोट फुगवलं, जिन्यात अडकला. रोज नसलेलं शेपूटही जोडलं, की वादळ गेल्यावर मिस पूटसला सोडवायला सुतार बोलवावा लागला आणि दार तेवढं वाचलं. टक्कलवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मावशी हसली नाही, रागावलीही नाही. उजवं कोपर डाव्या हातात धरून ती त्याच्याकडे बघत होती, वर्गात मागं बसलेली पोर फळ्यावरचं न दिसणारं वाचू बघते तशी, नीट लक्ष देऊन.

धक्क्यावर त्यानं तिला हात देऊन उतरवलं. “समुद्र शांत होता आज,” एवढंच ती म्हणाली. जोसीलिन मागं थांबली.

“नाव बदललंस की तिला कळणार नाही, असं वाटलं तुला?”

“अगं, लोकांनी मागितलं...”

“ती नवा ड्रेस शिवून आली होती, रॅन्सफर्ड.”

त्या आठवड्यात बोटीवर त्याला हसू आणावं लागलं. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. आरशात दाढी करतानासुद्धा तो स्वतःच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. रविवारी तो चर्चला गेला, उपासना संपल्यावर मावशीचे पाय धरायचे असं ठरवून, आणि चोरासारखा मागच्या बाकावर बसला. साक्ष द्यायची वेळ आली. आठवड्यात देवानं काय दिलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. चर्चच्या बायकांतल्या सिस्टर मर्लिननं पुढून मान वळवली. “काय गं इसिल्डा, ऐकलंस ना एकदाचं? का नुसत्याच बाता मारत होता तो?”

मावशी उठली. दुकानदारानं चुकून जास्त दिलेला खारा मासा परत करायला दोन मैल चालत गेलेली बाई ती. म्हणाली, “ऐकलं. माझ्या पोरानं त्या लोकांना सगळं सांगितलं. मी दाराला पाठ लावून कशी उभी होते ते. सगळी बोट कान देऊन ऐकत होती. देवाची स्तुती असो.” आणि खाली बसली.

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाले. “अरे रॅन्सफर्ड, मागं काय बसलायस? परक्यांना ऐकवतोस, मग आम्ही काय घोडं मारलंय? ये पुढं.”

तो उठला. चालत पुढं गेला. खरं बोलावं, तर देवाच्या घरात मावशी खोटी पडते, तीही साऱ्या वस्तीसमोर. क्षमा मागायचीही सोय तिनं ठेवली नव्हती. मावशी समोरच्या खिडकीकडे बघत होती. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.

सांगितलं की पलंगाखालून त्याला फक्त तिची पावलं दिसत होती. पकड मिळावी म्हणून तिनं सपाता काढून टाकल्या होत्या. दार आत यायचं तशी पावलं ओल्या जमिनीवरून पुढं सरकायची आणि पुन्हा मागं जायची. “मला म्हणाली, मोठ्यानं पाढा म्हण, म्हणजे तू आहेस हे मला कळेल. मी सातचा म्हणत होतो. सात आठे आलं की अडायचो. मग दाराकडून आवाज यायचा, छप्पन. संध्याकाळी तो आवाज इतका बारीक झाला, की मी मुद्दाम अडायला लागलो. ती आहे का ते बघायला.”

मग कोणीतरी हुंदका दिला, आणि सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सिस्टर मर्लिननं टोपीच्या फितीनं डोळे पुसले. “आणि हे तू रोज सांगतोस, पोरा? बावीस वर्षं?”

“हो,” रॅन्सफर्ड म्हणाला. बायकांनी त्याच्या पाठीवर हात फिरवले, पाळकांनी छातीशी धरलं. प्रत्येक शाबासकीगणिक तो मेल्याहून मेल्यासारखा होत गेला.

बाहेर तो मावशीची पिशवी घेऊन तिच्या मागं उतारावरून चालू लागला. जोसीलिन पुढं निघून गेली होती. “मावशी,” तो म्हणाला, “मी...”

मावशी थांबली. वळून तिनं डाव्या हातानं आपली पिशवी त्याच्याकडून काढून घेतली.

“म्हणजे तुला असंही सांगता येत होतं,” ती म्हणाली.