पाचपावलीतली स्क्रूबॉल कॉमेडी

लग्नाला दहा दिवस उरले असताना मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना समजावून सांगितलं, की मुलगी मांडवातून पळून गेली तर बापाने हसायचं असतं.

नागपूरचा राजधानीचा मान जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शहर त्या धक्क्यातून अजून सावरत होतं, त्यात मी हा दुसरा दिला. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि रविवारी सकाळी सदर भागातल्या थेटरात इंग्रजी सिनेमे पाहायचो. त्या आठवड्यात एक जुना अमेरिकन विनोदी सिनेमा लागणार होता. तो होणाऱ्या बायकोला, सुशीलेला, दाखवावा असं मनात आलं. लग्नाआधी मुलीला सिनेमाला नेणं म्हणजे आमच्या पाचपावलीत मोठंच धाडस, म्हणून शनिवारी तिच्या घरी परवानगी मागायला गेलो.

मामाजी, म्हणजे सुशीलेचे वडील, मागावर लुगडं विणत बसले होते.

"कसा राहते हा शिनिमा?" त्यांनी विचारलं.

'विनोदी आहे' एवढं म्हणून मी थांबायला हवं होतं. पण मी पडलो मास्तर. मी व्याख्या केली.

"याला स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात, मामाजी."

"म्हणजे?"

"म्हणजे स्क्रू ढिला असलेल्या लोकांची गोष्ट."

"कोनाचा ढिला राहते?"

"सगळ्यांचाच. पण त्याचे नियम असतात." मी बोटं मोजू लागलो. "मुलगी श्रीमंत आणि हट्टी. तिचं लग्न ठरलेलं. ती घरातून पळून जाते. वाटेत तिला एक फाटका माणूस भेटतो. दोघं सिनेमाभर भांडतात, तेही श्वास न घेता. मग नवरा-बायको असल्याचं खोटंच सांगून एका धर्मशाळेत उतरतात."

माग थांबला.

"लग्न न लावता?"

"भांडतच असतात ना, मामाजी."

"आन् पोरीचा बाप काय करते?"

"तो हसतो."

"काहून?"

"त्याला तो फाटका माणूस आवडतो. शेवटी बापच मुलीला मांडवातून पळायला मदत करतो."

मामाजींनी हातातला धोटा खाली ठेवला. "आन् ठरलेला नवरदेव?"

"त्याचं काही नसतं हो. तो नुसता शोभेचा. सज्जन, पगारदार, भांग सरळ पाडलेला, आईला विचारल्याशिवाय पाऊल न उचलणारा. त्याला पाहून लोक हसतात."

आतल्या खोलीतून खुदकन हसू आलं. ते सुशीलेचं होतं. मामाजी माझ्या भांगाकडे पाहत होते. (तो सरळ होता. निघताना आईनेच पाडून दिला होता.)

"पण नायकही धांदरटच असतो," मी घाईने म्हणालो. "चालता चालता असा पडतो..." आणि करून दाखवायला उठलो. एक पाऊल मागे टाकलं, ते थेट घंगाळात. सूत रंगवून झाल्यावर उरलेला हिरवा रंग त्यात तसाच होता. डावा पाय पोटरीपर्यंत आत गेला, पांढऱ्या पॅन्टसकट.

एवढ्यात सुशीलेची काकू उठून गेली. दाराशी तांदूळ निवडत ती सगळं ऐकत होती, म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं, कारण तिला कमी ऐकू यायचं. आम्हाला वाटलं, पाय धुवायला पाणी आणते. ती दोन गल्ल्या पलीकडे माझ्या आईकडे गेली होती.

दहा मिनिटांत आई आली. पायात चपला नव्हत्या आणि मागे काकू आणि शेजारच्या चार बायका होत्या.

"कवा पळाली सुशीला?" आईने विचारलं.

"आत हाय ना," मामाजी म्हणाले.

"वापस आली काय?"

"गेलीच कुठं होती?"

"धर्मशाळेत," काकू म्हणाली.

मामाजी भिंतीला टेकले. आईची नजर माझ्या पायावर गेली. "आन् हे काय गा?"

"नायक असा पडतो, आई."

आईने मटकन बसकण मारली. तिला धीर यावा म्हणून मी सगळे नियम पहिल्यापासून सांगितले. 'आईला विचारल्याशिवाय' इथपर्यंत आलो आणि तिने मला थांबवलं.

"मी काय करून राहिली त्यात?"

"तू नसतेस, आई. तुझा नुसता उल्लेख येतो."

आई उठली. "हे लग्न राहू द्या," ती म्हणाली.

"मीबी तेच म्हणून राहिलो," मामाजी म्हणाले.

लग्नाच्या याद्या झाल्यापासून त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मी तोंड उघडलं असतं तर बहुधा आणखी एक नियम निघाला असता.

तेव्हा सुशीला बाहेर आली. माझ्यासमोर ती तोवर कधी बोलली नव्हती. तिने आधी माझ्या आईच्या हातात पाण्याचा गडवा दिला.

"मामीजी, कोनी पळालं नाही. मास्तर शिनिमा सांगून राहिले होते."

"आन् लग्नाचं काय वं?" मामाजींनी विचारलं.

"लग्न होईन, बाबा. ज्याले सोताचं लग्न सांभाळून बोलता येत नाही, तो मले काय फसवन?"

आईने गडवा रिकामा केला आणि सिनेमा किती वाजता असतो ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुशीला, मामाजी, काकू आणि आई असे चौघं तो सिनेमा पाहून आले. मी घरी बसून रॉकेलने पाय घासत होतो.

लग्नात नवरदेवाचे पाय धुवायला मामाजी परात घेऊन बसले, तेव्हाही डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत हिरवाच होता. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. मामाजींनी सगळ्यांदेखत तो पाय खसाखसा चोळला आणि इतवारीहून आलेल्या लुगड्यांच्या व्यापाऱ्यांकडे वळवला.

"पाहून घ्या. दहा दिवस झाले. आमचा रंग असा राहते."

पुढे महिनाभर गिऱ्हाईक आलं की मला निरोप यायचा: मास्तरांना म्हणावं, बूट न घालता या. पाचपावलीत मला अजून सगळे 'नमुना' म्हणतात. ते रंगाबद्दल बोलतात, असं मी धरून चालतो.