कुंकू लावलेली नोटीस

“देवाच्या पायावर ठेवूनच दिल्ते की कागद. मंग जातील कुठं?”

ठाण्याच्या व्हरांड्यात बसलेली बाई शेजारणीला हळू आवाजात सांगत होती. आमच्या जमादारांनी ते ऐकलं. “मंग देवालाच सांगा मावशी, पोहोच द्या म्हणून,” ते म्हणाले, आणि आत हशा झाला.

खातं सोडून मला आता काही वर्षं झाली, पण तो दिवस अजून विसरले नाही. भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्यात मी परिवीक्षाधीन उपनिरीक्षक होते. शाळा इंग्रजीतली झालेली, त्यामुळे स्टेशन डायरी लिहिताना अडखळायचे आणि बोलायचे तर फारच कमी. कमी बोलणाऱ्यासमोर लोक जास्त बोलतात, एवढा त्यात फायदा होता.

आदल्या संध्याकाळी राजूर रस्त्यावर एका पिकअपने दूधवाल्याला उडवलं होतं. तो दवाखान्यात बेशुद्ध होता. चालक पळाला. एका टपरीवाल्याने फोन करून गाडीचा नंबर कळवला आणि त्यावरून मालक निघाला तो या बाईचा नवरा.

तो शेतकरी होता. चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला: गाडी उन्हाळ्यातच विकली, आणि विकल्याची नोटीस परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर दिली.

“पोहोच का घेतली नाही?” ठाणेदारांनी विचारलं.

“साहेब, सरकारी मानसाला पोहोच मागायची म्हन्जे तुझ्यावर भरोसा न्हाई म्हणल्यासारखं होतंय.”

परिवहन कार्यालयाने फोनवर सांगितलं, या गाडीची कुठलीही नोटीस आवक नोंदवहीत नाही. घेणारा वीटभट्टीवाला होता. तो शांतपणे म्हणाला, “चालवून बघितल्ती मॅडम. पसंत पडली न्हाई, वापस दिली.” व्यवहार रोखीचा, साक्षीदार कोणी नाही. दोघांची गावं एकाच टॉवरखाली, त्यामुळे मोबाइलचं ठिकाणही उपयोगाचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत शेतकऱ्याला अटक दाखवायची, असं ठरलं.

मी व्हरांड्यात जाऊन त्या बाईजवळ बसले. देवाच्या पायावर कागद ठेवले म्हणजे नेमकं काय केलं, ते विचारलं.

“राजूरच्या गणपतीला नेले ताई. नवी गाडी आणल्ती तवा बी तिथंच पूजा केल्ती. जाताना बी करावी ना. कागदाला वलं कुंकू लावलं.”

“कुठं लावलं?”

“पेन्सिल घासून गाडीचा नंबर उमटवल्ता बघा, त्याच्यावर. कागदात गाडी म्हन्जे तेच की.”

ती चेसिस क्रमांकाची छाप होती. फॉर्मवरची ती छाप वाचता आली नाही तर तो फॉर्म आवकला चढत नाही. आणि न चढलेला फॉर्म लगेच कोणी फेकूनही देत नाही.

जमादारांना घेऊन मी परिवहन कार्यालयात गेले. नोटीस शोधायची म्हटलं असतं तर पुन्हा नोंदवही उघडली गेली असती. म्हणून, खराब म्हणून बाजूला ठेवलेले अर्ज दाखवा, एवढंच म्हणाले. लिपिकाने टेबलाखालून सुतळी बांधलेला गठ्ठा काढला. चहा सांडलेले, फाटलेले, फोटो निघालेले अर्ज. त्यांत लाल डागाचा एक फॉर्म होता. डागाखालचे आकडे दिसत नव्हते, पण वरच्या रकान्यात लिहिलेला गाडीचा नंबर दिसत होता. खाली विकणाऱ्याची सही, तिच्या शेजारी घेणाऱ्याची सही, आणि तारीख उन्हाळ्यातली.

तोपर्यंत मी तपास म्हणजे दोघांतला खोटा कोण ते शोधणं, असं समजत होते. शेतकरी म्हणत होता दिला, कार्यालय म्हणत होतं नोंद नाही. दोन्ही खरं होतं. खोटं बोलणारा तिसराच होता, वीटभट्टीवाला. पुढे त्याच्यासमोर त्याची सही ठेवली, तेव्हा त्याने पाणी मागितलं आणि कबूल केलं. गाडी त्याचा मेहुणा चालवत होता. शेतकरी घरी गेला. दूधवाला वाचला, पण लंगडत चालायचा.

मात्र हे सगळं त्या टेबलाशी अडलं असतं. लिपिकाने फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

“घेऊन जा मॅडम. पण आवक नाही म्हणजे आमच्याकडे आलाच नाही. मी लेखी काही देणार नाही.”

मी तो तसाच उचलून नेला असता, तर कोर्टात कोणीही म्हणालं असतं की कागद पोलिसांनी मागाहून तयार केला. जमादार माझ्याकडे बघत होते. आजूबाजूची टेबलं थांबली होती. इतक्या लोकांसमोर बोलायची मला सवय नव्हती. मी फॉर्म पुन्हा गठ्ठ्यात, होता तिथेच ठेवला.

“जमादार, बाहेरून दोन पंच बोलवा,” मी म्हणाले. “आणि साहेब, हा कागद तुमच्या टेबलाखाली सापडला, एवढंच मी पंचनाम्यात लिहिणार आहे. तुम्ही सही करा, नाहीतर सही करायला नकार दिला असं लिहिते.”