नव्या पेठेत उलटी निघालेली गाडी

पुणं सोडताना वडील फाटकापर्यंत आले. ताई गाडीत बसली होती, म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "एकदा गाडी बंद पडली की पुरे. तिला घेऊन सरळ परत ये." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, पेशाने डॉक्टर. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. तो लोखंडी पट्ट्यांच्या बुटात बांधलेला असतो आणि त्याने क्लच दाबला जात नाही. पेट्रोल महागल्यावर लोक मोठाल्या परदेशी गाड्या मिळेल त्या भावाला काढू लागले, तेव्हा तिने एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. स्टिअरिंगजवळच्या दांडीने गाडीला आपल्याला काय हवं तेवढं सांगायचं. दांडीशेजारच्या इंग्रजी अक्षरांवर ताईने मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ओळीने अशा: थांबा, मागे, मोकळी, पुढे, चढण.

सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्याला खेडोपाडी फिरणारा डॉक्टर हवा होता. ताईचा बूट पाहून विश्वस्त घुटमळले. काम फिरतीचं, ड्रायव्हर द्यायची ऐपत नाही, असं ते म्हणाले. ताईने सांगितलं, गाडी माझी आणि चालवणारही मीच. मग ठरलं, सोमवारी सकाळी तिने स्वतः गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात हजर व्हायचं आणि माढ्याकडच्या पहिल्या फेरीला निघायचं. नाही आली तर दुसरे डॉक्टर तयारच होते. आम्ही निघालो तो रविवार होता.

भिगवणपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. टेंभुर्णीला चहा घेऊन निघताना मात्र ताईने दांडी 'पुढे'वर ओढली, तर इंजिन नुसतंच गुरगुरलं. दांडी आणखी खाली 'चढण'वर नेली तेव्हा गाडी निघाली, तीही नेहमीच्या चालीने. "दांडी ढिली लागतेय," ताई म्हणाली आणि तशीच चालवत राहिली. मी परत फिरायचं सुचवून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोहोळच्या खानावळीत कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाची चटणी खाल्ली. ती चटणी लाकडी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि इतकी तिखट की मला गाडीचा विसर पडला. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आली होती. ऊन असूनही हवेत गारवा होता. असं सुख फार वेळ टिकत नाही हे मला समजायला हवं होतं.

सोलापुरात राहायची सोय नव्या पेठेच्या पलीकडे होती. पेठेत शिरलो आणि टांगे, सायकली, कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल यांच्या गर्दीत अडकलो. वाट मोकळी झाली तेव्हा 'चढण'वरही गाडी हलेना. ताईने दांडी 'पुढे'वर आणली, आणि आमची ती लांबलचक गाडी संथपणे मागे निघाली. ताईने ब्रेक दाबेपर्यंत एका दुकानासमोर रचलेली चादरींची चळत कोसळली होती. माणूस एकही लागला नाही हे नशीब.

दुकान नरसय्या नावाच्या विणकराचं होतं. घरी तेलुगू, बाजारात मराठी, चादरी स्वतःच्याच मागावरच्या. आता हा शिव्या घालणार म्हणून मी तयार होऊन उतरलो. त्याने चादरी झटकल्या, ताईचा बूट पाहिला आणि तिला बसायला स्टूल आणून दिलं. मग पेठेच्या रिवाजाप्रमाणे माणसं बाह्या सरसावून पुढे आली. तिथे कुठलीही गाडी थांबली की धक्का मारायचा, ही पद्धतच. धक्क्याने ही गाडी सुरू होत नाही, हे मी ओरडून सांगत होतो. ऐकतंय कोण?

कोणीतरी मिस्त्रीला बोलावून आणलं. त्याने गाडीत वाकून ड्रायव्हरच्या पायांशी पाहिलं आणि चकित होऊन विचारलं, "क्लच कुटं हाय?" मग त्याचीही नजर ताईच्या बुटाकडे गेली आणि त्याला सगळा उलगडा झाला. पायाला जमत नाही म्हणून बाईंनी क्लच काढून टाकला, आणि म्हणूनच गाडी बिघडली. गर्दीलाही ते पटलं. "गिअरबॉक्स गेला बगा," मिस्त्री म्हणाला. "उतरवून मुंबईला धाडाय लागंल. लई दिवस लागत्याल."

वडिलांचं बोलणं मला आठवलं. गाडी बंद पडली होती, त्यात शंका नव्हती. "ताई, चल परत," मी म्हणालो. "झालं तेवढं पुरे."

ताई स्टुलावर बसून चिठ्ठ्यांकडे पाहत होती. "टेंभुर्णीला 'चढण' म्हटलं की 'पुढे' जायची," ती म्हणाली. "म्हणजे एक घर चुकत होती. आता 'पुढे' म्हटलं की मागे जाते. दोन घरं चुकते. गिअर मोडला असता तर एवढी हिशेबात चुकली नसती. गिअर शाबूत आहेत. दांडीचा निरोप खाली नीट पोचत नाही. निरोप्या ढिला झालाय."

निरोप्या म्हणजे दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी जाड तार, केबल. तिच्या म्हणण्याप्रमाणे दांडी आता 'चढण'वर ठेवली तर गाडी मोकळी व्हायला हवी. तिने तशी ठेवली, लोकांनी धक्का मारला आणि गाडी अलगद सरकली. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि तोही खांदा लावून ढकलू लागला. बाजारामागे एक कोरडा चर होता. ट्रकवाले त्याच्यावर गाडी उभी करून खालून कामं करत. गाडी तिथे नेली, चाकांना दोन्हीकडून धोंडे लावले, आणि चरात उतरायची पाळी अर्थातच माझ्यावर आली. अंगात वडिलांनी दिवाळीला घेतलेला सदरा होता.

चरातून बघितलं तर ताईचं खरं निघालं. गिअरबॉक्सच्या बाजूला एक लहानसा लोखंडी हात होता, आणि त्यावर केबल पकडणारा चाप नट ढिला झाल्याने सैल पडला होता. केबल त्याच्यातून घसरत होती. मी मोठ्या उत्साहाने नट आवळायला घेतला, तर वरून ताई ओरडली, "थांब. आहे तशी आवळलीस तर चूक पक्की होईल. दांडी मी 'थांबा'वर ठेवते. खालचा हातही 'थांबा'वर ने, मगच आवळ."

ते ठीक होतं, पण तो हात दोन्हीकडे फिरत होता आणि त्याच्यावर चिठ्ठ्या नव्हत्या. मी अंदाजाने एका टोकाला नेऊन नट आवळला. ताईने किल्ली फिरवली, तर गाडीने हूं की चूं केलं नाही. गिअर 'थांबा' किंवा 'मोकळी'वर असल्याशिवाय तिचं इंजिन सुरूच होत नसे, म्हणजे माझा अंदाज चुकला होता. मी वैतागलो. खाली तेलाचे थेंब, वर शंभर सल्ले. उद्याची सकाळ हातची गेली असं मला वाटलं, आणि गंमत म्हणजे आता मला त्याचं वाईट वाटू लागलं होतं.

ताईने खिडकीतून बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग तिने नरसय्याला विचारलं, "ही मंडळी धक्का मारायला अजून तयार आहेत का?"

"व्हय की अक्का (ताई)," तो म्हणाला. "त्येच तर मागत्यात मगापासनं."

तिची युक्ती साधी होती. 'थांबा'वर गिअरबॉक्स मागची चाकं आतून जखडतो. लोकांनी धोंड्यांच्या मधल्या जागेत गाडी हळूहळू पुढेमागे हलवत राहायची, मी नट सोडून खालचा हात एकेक खटका सरकवायचा, आणि गाडी जिथे हलेनाशी होईल ते 'थांबा'. ज्या धक्क्याला मी इतका वेळ नावं ठेवत होतो, त्यानेच आता काम व्हायचं होतं. मी तो लोखंडी हात उलट दिशेने नेत गेलो. गाडी हलत होती, हलत होती, आणि शेवटच्या खटक्याला गच्च बसली. "आता न्हाय हलत," नरसय्या वरून म्हणाला. "डोंगर झाला."

चाप जुना, झिजलेला होता. केबल पुन्हा घसरू नये म्हणून नरसय्याने मागाच्या जुन्या पट्ट्याचा चामड्याचा तुकडा आणून दिला. तो चापात घालून मी जीव खाऊन नट आवळला. मग सगळ्यांना बाजूला करून, धोंडे काढून ताईने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. तिने दांडी 'पुढे'वर ओढली आणि गाडी पुढे गेली. मिस्त्रीने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. ताई मात्र रडत होती. मी तिला लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं, आणि तेलकट हातांनी डोळे पुसून मी तोंड काळं करून घेतलं.

सोमवारी दवाखान्याच्या दारात विश्वस्त उभे होते. त्यांनी आधी गाडीकडे, मग मागून कोणी ढकलत आलंय का तिकडे पाहिलं. ताईने औषधांची पेटी मागच्या सीटवर ठेवून घेतली आणि आम्ही निघालो. माढ्याच्या अलीकडच्या एका गावात देवळाजवळ उतार होता. तिथे तिने दांडी 'थांबा'वर ठेवली. एका म्हाताऱ्याने धोंडा उचलून विचारलं, "चाकाला लावू का, बाई?" गरज नव्हती. ताई हसून म्हणाली, "लावा की." मग ती बूट सावरत उतरली. बायका मुलांना कडेवर घेऊन थांबल्या होत्या.

दोन दिवसांनी मी आगगाडीने एकटाच परतलो. जेऊर स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून पलीकडची धुळीची वाट बघत बसलो. पुढच्या फेरीत ताई इकडेच येणार होती. तिला सांभाळायला म्हणून मी गेलो होतो. ती न सांभाळता किती लांब जाऊ शकते, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा.

वडील फाटकाशीच होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"एकटाच? म्हणजे गाडी बंद पडली नाही?"

"पडली की," मी म्हणालो.

"मग तिला आणलं का नाहीस?"

"तिला उद्या जेऊरला जायचंय."

वडील माझ्या नखांतल्या काळ्या तेलाकडे बघत राहिले. मग फाटक लावता लावता त्यांनी विचारलं, "तिकडचा रस्ता कसा आहे रे?"