फोटो नसलेली माय

सिरसाळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं आणि पासपोर्ट फोटोंवर घर चालतं. चित्रं मी स्वतःसाठी काढतो. गेल्या वर्षी वस्तीतल्या आमच्या विहाराची रंगरंगोटी झाली. तेव्हा विहार बांधताना राबलेल्या माणसांच्या तसबिरी आत लावायचं बैठकीत ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

सगळ्यांचे जुने फोटो मिळाले. एकीचाच मिळेना. तिनं पायाचे दगड डोक्यावर वाहिले होते. बांधकामाला पाणी मिळेना, तेव्हा विहीरवाल्या पाटलाच्या दारात ती एकटी जाऊन बसली होती. तिनं आयुष्यात कधी फोटो काढलाच नाही.

तिच्या दोन्ही मुलींना मी स्टुडिओत बोलावलं. थोरली वस्तीतच राहते, धाकटी परळीत शिक्षिका आहे.

"मायचं नाक माझ्यावानी," थोरली म्हणाली.

"न्हाई गं, तुझं लई चपटं हाय!"

त्यांच्या भांडणातून मी चेहरा जुळवला. आठवडाभरानं चित्र दाखवलं. थोरलीनं ते हातात घेतलं.

"बाई चांगली हाय. पण ही आमची माय न्हाई."

"कावून, मावशी?"

"माय अशी गप कवा बसलीती?"

ते बोलणं डोक्यातून जाईना. वीस वर्षं मी लोकांना 'हलू नका' सांगत आलो होतो; हिलाही तसंच बसवलं होतं. मी कागदामागून कागद फाडले. एका लग्नात नवरीला सोडून मंडपातल्या म्हाताऱ्यांचेच चेहरे टिपत बसलो, तिच्या बापाची बोलणी खाल्ली. धर्मापुरीला गेलो, देवळापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाया रेखाटल्या. त्यांतली एकही ती नव्हती.

शेवटी थोरलीच्या घरी गेलो. "मावशी, पाटलाच्या दारात माय काय बोललीती?"

ती भाकरी टाकून उठली. पदर खोचला, पिठाचा हात वर केला. आवाजच बदलला तिचा.

"पाणी देता का हितंच मरू? मढं तुमच्याच दारात ऱ्हाईल!"

मी उभ्या उभ्याच पेन्सिल चालवली. उघडं तोंड, ताणलेल्या शिरा, वर गेलेला हात.

बैठकीत एक जुने सभासद नाराज झाले. "तसबिरीत कुणी असं वरडतं का? शोभतं का विहारात?"

परळीहून बैठकीला आलेली धाकटी शांतपणे म्हणाली, "ती वरडली म्हणून विहार हाय, दादा."

तसबीर लागली. त्या दिवशी थोरली तिच्यासमोर उभी राहिली आणि पदरात तोंड घालून रडली.

मला मात्र उजवा हात चुकलाय असं वाटत राहतं. अंगठा जरा आखूड झालाय. तसबीर उतरवून दुरुस्त करतो म्हणालो, तर थोरली अंगावरच आली.

"हात लावायचा न्हाई आता तिला."

लावला नाही. पण वंदनेला बसलो की डोळे मिटत नाहीत. नजर त्या अंगठ्याकडेच जाते.