नाकवाली

आम्ही दोघं शेवटचं भांडलो ते अर्धा लिटर दुधावरून. मी पिशवी फोडून पातेल्यात ओतली, तर ही ओट्यापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "नासलंय." मी म्हटलं, "तुझं नाक नासलंय." गॅस पेटवला. दूध फाटलं. "आता साखर आणा," एवढंच बोलली आणि हसली. आटवून दोघांनी खाल्लं, झोपलो. पहाटे ती उठलीच नाही.

सातपूरच्या कंपनीत हिला सगळे नाकवाली म्हणत. टोमॅटोचा सॉस करणारी कंपनी. मी तिथं सांडपाण्याच्या टाकीवर ऑपरेटर, ही ठेकेदाराकडची झाडूवाली. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही. टाकीत रुपयाएवढी प्लास्टिकची जाळीदार चाकं असायची, हजारोंनी. खालून हवा सोडली की गरगरायची. त्यांच्यावर तपकिरी, बुळबुळीत थर धरायचा. त्या थरात जंतू, आणि ते पाण्यातली घाण खायचे. हे मला साहेब लोकांनी शिकवलं. हिला कुणी शिकवलं नव्हतं. झाडता झाडता थांबायची, एक चाक उचलून नाकाला लावायची. "आज बरंय. नांगरटीचा वास येतोय." नाहीतर, "सडक्या अंड्यासारखी घाण येतीय. हवा कमी पडती हो, बघा जरा." केमिस्ट दोन तास काचेच्या नळ्या हलवून तेच सांगायचा, इंग्रजीत.

मग नवा मॅनेजर आला. बूट लखलखीत, डोकं रिकामं. सरकारी पाहणी व्हायची होती. टाकीत डोकावून म्हणाला, "शी! किती घाण झालीत ही चाकं. सगळी काढून धुवा, पांढरी झाली पाहिजेत." तो थर गेला तर टाकी मेली, हे मला माहीत होतं. मी काय म्हणालो? "होय साहेब." एवढीच माझी लायकी.

बोलली ती एकटी. "साहेब, ते जितं हाय. वास घेऊन बघा." त्यानं रुमाल नाकाला लावला आणि मला म्हणाला, "बाईला आवरा." मी चारचौघांत हिच्यावर खेकसलो, "गप झाड तू."

तिनं गप झाडलं. आम्ही दोन दिवस ब्लीचिंग पावडरनं चाकं घासत होतो, तेव्हा हिनं न धुतलेल्या चाकांची दोन पोती मागच्या बाजूला नेली. कारखान्याचं पाणी पाइपातून उंचावरून जिथं चरीत पडायचं, तिथं, हवा आणि घाण दोन्ही मिळतील अशी, बुडवून बांधून ठेवली. मला सांगितलं नाही. कशाला सांगेल?

पाहणीवाले आले. चाकं कशी दातासारखी पांढरी, आणि पाणी गढूळ, आंबूस. महिन्याभरात सुधारलं नाही तर कंपनीला टाळं, अशी नोटीस लागली. मॅनेजर पुण्याच्या वरच्या साहेबांना फोन लावत बसला. हिनं माझं मनगट धरलं, मागं नेलं, पोत्याचं तोंड सोडलं. "घ्या वास." मी घेतला. ओली माती.

ती चाकं टाकीत सोडली. आठ दिवस काहीच नाही. मग पांढऱ्या चाकांनाही हळूहळू रंग चढला, महिना भरायच्या आत पाणी निवळलं. कंपनी वाचली.

दसऱ्याला यंत्रांच्या पूजेनंतर माझा सत्कार झाला. मॅनेजर माइकवर म्हणाला, "आमच्या ऑपरेटरनं टाकी वाचवली." माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. समोर बायकांच्या घोळक्यात ही काखेत झाडू धरून टाळ्या वाजवत होती. मी तोंड उघडलं नाही. मॅनेजर बैल होता, त्याला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

घरी आल्यावर म्हणाली, "नारळात पाणी लय हाय." शालीबद्दल एकदाच बोलली. "नका घेऊ अंगावर. त्या मेल्याच्या अत्तराचा वास मारतीय." मी ती पेटीत टाकली. वर्षं गेली, आम्ही दोघं कामावरून सुटलो, पण त्या पोत्यांचा विषय मी कधी काढला नाही. तिनंही नाही.

ती गेली त्या सकाळी माणसं जमली. बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. मी पत्र्याची पेटी उघडली, शाल काढली आणि साडीवरून तिच्या अंगावर घातली. माझी मेहुणी म्हणाली, "अहो दाजी, ही तर तुमच्या सत्काराची!"

"माझी नाही, हिची आहे," मी म्हटलं. दारात कंपनीतली जुनी माणसं उभी होती. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी सांगितलं, ती दोन पोती कुणी लपवली होती ते.