महादेवाच्या पाट्यापर्यंत, सेंधव्यामार्गे

महाशिवरात्रीला गावाच्या देवळातली थंडाई वाटायचा मान आमच्या घराकडे आहे. गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील होते तोवर पाट्यावर बदाम, बडीशेप, मिरी आणि भांग असं सगळं वाटलं जायचं. पंच्याऐंशी साली केंद्राचा कायदा आला. त्यात गांजा बंद झाला, भांगेचं पान सुटलं. पण आपल्या राज्यात पानालाही परवाना लागतो. मी दरवर्षी अर्ज करतो, दरवर्षी तो विचाराधीन असतो, आणि मी नुसता बदाम वाटतो.

यंदा गावाने कळवलं की दिलीप भांग आणणार आहे, वाटायलाही तोच बसेल. दिलीप माझा धाकटा चुलतभाऊ. राज्याच्या हद्दीपलीकडे सेंधव्यात त्याच्याकडे सरकारी भांग दुकानाचा ठेका आहे.

"जा, पण भांडायला जाऊ नका," बायको म्हणाली.

मी भांडायला नव्हतो जात. थंडाई बिघडावी आणि ती बिघडताना आपण तिथे असावं, एवढ्यासाठी जात होतो.

आम्ही राहतो त्या जळगावहून सकाळच्या एसटीने निघावं. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत ऊन फार चढत नाही. धुळ्याच्या स्टँडवर शेवभाजी खाऊन घ्या; रस्सा लाल असतो, पाणी जवळ ठेवा. तिथून आग्रा रोडने शिरपूर. जागा मिळाली तर खिडकीशी बसा, तापीचा पूल त्याच वाटेवर आहे. शिवरात्रीला जादा गाड्या सुटतात, पण उभं राहायची तयारी हवी. शिरपूरहून बिजासनचा घाट चढून मी आधी सेंधवा गाठलं.

दुकान भर बाजारात होतं. पिवळ्या पाटीवर ठसठशीत लाल अक्षरं: शासकीय भांग दुकान. ती पाटी मी वाजवीपेक्षा जास्त वेळ बघितली. खाली रांग होती आणि रांगेत गणवेशातला एक हवालदार. त्याचा नंबर आला, त्याने सुटे पैसे दिले, पुडी खिशात टाकली आणि गेला. डोंगराच्या आपल्या बाजूला एवढ्यासाठी मी सात-आठ वर्षं अर्ज करतोय.

"भाऊ, तुनी परवानगी उनी का?" दिलीपने गल्ल्यावरूनच विचारलं.

"विचाराधीन आहे."

"अजून? आमनाकडे तं पोलिसबी रांगमा उभा ऱ्हास!"

रांगेतले हसले. मीही हसलो. तोंड कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, शिवरात्रीच्या सकाळी, त्याच्या फटफटीवर मागे बसून घाट उतरलो. भांगेची थैली पुढे टाकीवर होती. हद्दीच्या नाक्यावर आपल्या बाजूच्या शिपायाने हात केला.

"काय शे थैलीमा?"

"महादेवनं सामान शे," दिलीप म्हणाला.

शिपायाने माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही सांगा."

खोटं मी सहसा बोलत नाही. पण त्या क्षणी खरं बोलणं आणि मला हवं ते होणं एकाच बाजूला उभं होतं, आणि मला खऱ्याचीच भीती वाटली. तरी बोललो. "भांग आहे."

"ते वासवरतूनच समजनं," शिपाई म्हणाला. "बदाम लिधात का नही, ते सांगा. मागला साल तं निसतं दूधच व्हतं."

मागल्या सालची थंडाई माझी होती.

त्याने जाऊ दिलं. गावाच्या फाट्यावर दिलीपने गाडी थांबवली. मागे न वळता म्हणाला, "भाऊ, तू खरं बोलना, त्यानं काही नही. पन बोलताना तू हासना."

मला ते आठवत नाही. पण तो आरशात बघत होता.

देवळात त्याने सगळ्यांसमोर वरवंटा माझ्यापुढे केला. "मान तुना शे. बठ." परवाना नाही म्हणून मी नकारार्थी मान हलवली. तो बसला. वडिलांसारखाच एक गुडघा उभा करून, थेंबाथेंबाने पाणी शिंपडत त्याने वाटलं. पहिली वाटी महादेवाला, दुसरी घरातल्या थोरल्याला म्हणून माझ्या हातात आली. मी ती शेजारी बसलेल्या आबांकडे सरकवली आणि उपासाची भगर खात बसलो.

रात्री मुक्काम करून परत आलो.

"कशी झाली थंडाई?" बायकोने विचारलं.

"छान झाली होती."

"प्यायलात?"

"नाही."

"मग कसं कळलं?"

दुसऱ्यांदा वाटी पुढे करणाऱ्यांची तोंडं मी बघत बसलो होतो, हे तिला सांगितलं नाही.

पुढच्या शिवरात्रीसाठीचा अर्ज मी लिहिला आहे. आजवर 'आमच्या घराण्यास परवानगी मिळावी' असं लिहीत आलो; या वेळी 'देवस्थानास' लिहिलं. तशी परवानगी आली, तर उद्या कुणीही पाट्यावर बसू शकेल. दिलीपसुद्धा. पोस्ट आमच्या घरापासून चार पावलांवर आहे. पाकीट अजून टेबलावर आहे.