खांब बारीक होता

आमच्या लेआउटमध्ये असा एकही धडधाकट माणूस नाही, ज्याला शेजारच्या दोघी बहिणींच्या बाबांनी कधी ना कधी पाठीत थाप मारून ‘खो’ दिलेला नाही. यात दूधवाला आला, विजेचे मीटर वाचणारा आला, मी आलो आणि त्यांचे सख्खे सासरेही आले. सासरे खुर्चीत पेपर वाचत होते. पाठीत थाप पडताच ते उठले आणि फाटकापर्यंत गेले. आपण का उठलो हे त्यांना पारशिवनीला परत जाईपर्यंत कळले नव्हते. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला जाताना, भरलेल्या सिटी बसमध्ये बाबांनी एका अनोळखी गृहस्थांनाही असाच खो दिला. गृहस्थ ताडकन उठून दारापर्यंत पळाले. शाळेत खेळलो होतो, म्हणाले. बाबा त्यांच्या जागेवर बसले नाहीत. खो दिल्यावर त्या जागेवर आपण बसायचे असते हे त्यांना ठाऊक होते, पण गर्दीत तेवढ्यात दुसरेच कोणी बसले. “पाहा भाऊ,” ते मला नंतर म्हणाले, “नियम कोणाले पाळाचाच नाही या शहरात.”

स्वतः ते आयुष्यात कधी खो-खो खेळले नव्हते. बेतास बात उंची, पोट पुढे, आणि जिना चढताना मध्ये एकदा थांबून खाली राहिलेल्या वस्तूंची चौकशी करण्याची सवय. पण थोरली मुलगी शाळेतून “खो-खोत घेतलं मले” असे सांगत आली आणि त्याच संध्याकाळी ते प्रशिक्षक झाले. कोणी नेमले, असे विचारण्याची कोणाला सवड मिळाली नाही. शाळेचा संघ त्यांना पुरेना, म्हणून त्यांनी लेआउटचा संघ काढला. त्यासाठी मुली हव्या होत्या, आणि मुलींच्या आया तयार नव्हत्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, “नाही जी, पोरगी उन्हात काळी पडते.” बाबा म्हणाले, “वैनी, ऊन बसल्या माणसाले लागते. हे पोट्टी पळून राहीन. उनाले सापडन तवा न!” वहिनी मुलीची टोपी शोधायला आत गेल्या. मुलगी दुसऱ्या दिवसापासून मैदानात होती.

मैदान म्हणजे लेआउटमधला मोकळा प्लॉट. खो-खोला दोन खांब लागतात, आणि पाठलाग करणाऱ्याने खांबाला वळसा घालूनच दिशा बदलायची असते. बाबांना एकच बल्ली मिळाली. दुसऱ्या टोकाला ते स्वतः उभे राहू लागले. पोरी धावत येत, त्यांच्या कमरेला हात घालून गर्रकन वळत आणि परत जात. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची डावी शिवण उसवलेली असे. खांबाने बोलू नये असा नियम खो-खोत नाही, कारण तो करण्याची वेळ कोणावर आली नसावी. हा खांब अखंड बोलत असे. “पळ वं! पळ, पळ, पळ! अवं थांबली काहून? चप्पल हारपली का तुही?” त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसत. त्यामुळे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी धावायला शिकवताना ते धोट्याचे उदाहरण देत. “धोटा या बाजूनं गेला, त्या बाजूनं आला. मधात उभा राहून विचार करते का धोटा?” पोरींनी धोटा पाहिलेला नव्हता. त्या माना डोलवत.

थोरलीला धावण्याचा मनापासून कंटाळा होता. बाबांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली नाही. खो-खोत धावणाऱ्यापेक्षा बसणारे जास्त असतात, हे त्यांनी हेरले आणि तिला बसण्यात तयार केले. “हिच्यासारखं बसणं जिल्ह्यात कोणाचं नाही,” असे ते पाहुण्यांना सांगत, आणि मग तिला दिवाणखान्यात बसून दाखवायला लावत. पाहुणे चहाचा कप हातात धरून तिचे बसणे पाहत. धाकटी मात्र खरोखरच वाऱ्यासारखी धावे.

पहिल्या स्पर्धेला मी संघाबरोबर गेलो होतो. मैदान आखलेले होते आणि दोन्ही खांब लाकडाचे होते. पोरी जोरात धावत गेल्या, खांबाजवळ पोहोचल्या आणि खांबापासून हातभर अंतर ठेवून, न दिसणाऱ्या एका पोटाला मोठा वळसा घालून वळल्या. सगळ्याच्या सगळ्या. त्या रुंद वळणातून समोरच्या संघाच्या मुली चालत निघून गेल्या असत्या तरी सापडल्या नसत्या. पहिल्याच फेरीत संघ बाहेर पडला. बाबांनी पोरींना एका शब्दानेही दोष दिला नाही. ते त्या लाकडी खांबापाशी गेले, त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन पाहिले आणि परत आले.

“चूक पोरींची नाही,” ते म्हणाले. “खांब बारीक होता.”

“मंग तुम्ही बारीक व्हा न,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. डॉक्टर हे कितीतरी वर्षे सांगत होते. डॉक्टरांसाठी जे झाले नाही ते संघासाठी झाले. भजी बंद, भात अर्धा, लग्नाच्या पंगतीत जिलबीला नकार. भिवापूरच्या एका लग्नात तर, भाऊबंदांच्या आग्रहापासून वाचायचे म्हणून, त्यांनी पंगतीतले पाट खो-खोसारखे मांडले, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे. जिलबी घेऊन आलेला वाढपी कोणत्या बाजूने शिरावे ते न कळून जिलबीसकट स्वयंपाकघरात परत गेला. पुढच्या वर्षी पोरींची वळणे आवळ झाली आणि संघ दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला. बाबांनी पट्ट्याला नवे भोक पाडले आणि ते भोक सगळ्यांना दाखवले.

मग धाकटी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आणि अडचण उभी राहिली. त्या संघाला स्वतःच्या प्रशिक्षक होत्या, शिस्तीच्या बाई. सराव सामन्यात बाई ओरडल्या, “डावीकडे!” कुंपणापलीकडून बाबा ओरडले, “उजवीकडे पळ वं!” धाकटी मधोमध उभी राहिली आणि बाद झाली. हे तीनदा झाले. घरी येऊन धाकटीने बाबांना समोर बसवले. त्या वेळी मी तिथेच होतो.

“बाबा, शनिवारच्या सामन्याले या. पण एक शब्द बोलाचा नाही. बोलले तर पुढचा सामना कुठं आहे, ते मी तुमाले सांगणारच नाही.”

“एकही नाही?”

“‘पळ’सुद्धा नाही.”

बाबांनी ते मान्य केले. पण ते त्यांना जमेल असे घरात कोणालाच वाटत नव्हते, त्यांना स्वतःलाही नाही. त्यांनी सराव सुरू केला. घरात गप्प बसून पाहिले, तर चहाच्या आधीच बोलून गेले. लेआउटमधल्या पोरांचे क्रिकेट तोंडात रुमाल कोंबून पाहिले, तर रुमालातूनही “कॅच पकड बे!” स्पष्ट ऐकू आले. शेवटी त्यांनी उपाय शोधला तो पाण्याचा. तोंडात गच्च पाणी धरायचे. “बोलाचं असन तर आधी गिळा लागन,” त्यांनी मला समजावले. “गिळाले वेळ लागते. तेवढ्या वेळात आठवते, का आपण बोलाचं नाही म्हणून.” शोध बिनचूक होता.

शनिवारी ते बाटली घेऊन पहिल्या रांगेत बसले, मी शेजारी. पहिली शिट्टी होताच त्यांनी तोंड भरले. ओळखीच्या लोकांनी हाका मारल्या, त्यांनी मान हलवली. चहावाल्याने विचारले, त्यांनी डोळ्यांनी नको म्हटले. धाकटीने एक गडी सूर मारून टिपला तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर इतक्या जोराने थाप मारली की मलाच उठून पळावेसे वाटले. पण शब्द नाही. सामना बरोबरीत आला. शेवटचा डाव धाकटीच्या बचावाचा होता. शिट्टीपर्यंत ती टिकली तर बरोबरी राहून जादा डाव मिळणार होता, बाद झाली तर सगळे संपणार होते. ती सुरेख पळत होती. बाबांचे गाल फुगले, कान लाल झाले, डोळे खोबणीतून बाहेर येऊ लागले. एक वळण घेऊन ती आमच्या बाजूच्या रेषेपाशी आली. नजर वर गेली आणि तिला ते तोंड दिसले.

ती हसली. आधी फिसकन, मग पोट धरून. पाठलाग करणाऱ्या मुलीने येऊन तिला हात लावला, तोही जरा संकोचानेच.

बाबांनी पाणी गिळले. त्यांना उचकी लागली. बाई धाकटीला काहीतरी बोलत होत्या आणि ती मान खाली घालून ऐकत होती. “भाऊ,” बाबा मला म्हणाले, “मी एक शब्द तरी बोललो का?” मी नाही म्हटले. “मंग झालं,” ते म्हणाले, आणि बाटलीचे झाकण लावले.

बाबा गेले त्याला आता बरेच महिने झाले. भेटायला आलेल्या पोरी, आता नोकऱ्यांना लागलेल्या, त्यांच्या आरोळ्यांच्या नकला करून हसल्या. मला मात्र आठवतो तो त्या शनिवारचा परतीचा रस्ता. बाबा स्कूटर चालवत होते, धाकटी मागे बसली होती, माझी गाडी बाजूला होती. मैदानापासून सिग्नलपर्यंत त्या स्कूटरवरून आवाज आला नाही. सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो.

“बाबा, पाणी आहे का तोंडात अजून?”

“नाही.”

“मंग बोला न.”

“काय बोलू? तुले सगळं येते आता. मॅडमनं चांगलं शिकवलं.”

धाकटी सीटवर पुढे सरकली. मग तिने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. “येते मले,” ती म्हणाली. “तरी बोला.”

सिग्नल हिरवा झाला. बाबांनी हेल्मेटची काच वर केली आणि अर्धे मागे वळून सुरुवात केली. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, एक रिक्षावाला काहीबाही बोलून बाजूने निघून गेला. सिग्नल पुन्हा लाल झाला तेव्हा ते सामन्यातल्या पहिल्या ‘खो’पर्यंत पोहोचले होते.